टीव्हीवर दिसेल तोच गडी?

ताई, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची शेती आहे, कपाशी, तूर आणि विहिरीवर हरभरा. आम्ही आठ मित्र इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेची फँटसी खेळतो, ती फुकटवाली. मोबाइलवर खऱ्या खेळाडूंची आपली टीम लावायची, ते मैदानात जसे खेळतील तसे गुण मिळतात. मे महिन्यात जे दोघं तळाला राहतील त्यांनी बाकीच्यांना वावरात रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पार्टी द्यायची, एवढंच ठरलेलं. मी सध्या सातवा आहे.

माझी पद्धत अशी. आमच्या डिशवर फुटबॉल लागतो असं एकच चॅनल आहे. त्यावर या आठवड्यात कोणकोणत्या मॅच आहेत ते पाहतो आणि त्याच मॅचमधले खेळाडू अकरात लावतो. नसतील तर विकत घेतो. कॅप्टन तर रविवारच्या मोठ्या मॅचमधलाच. रविवारी सगळे पोट्टे आमच्या छपरीत मॅच पाहायला येतात, आपला गडी मैदानात नसला तर पाहण्यात काय मजा? ज्या आठवड्यात मोटारीची लाईन रात्रीची असते तेव्हा मी ओलिताला जातो, मग टीमला हातही लावत नाही. गंमत म्हणजे त्या आठवड्यात गुण बरे येतात.

पुण्याचा मामेभाऊ अमेरिकन कंपनीत आहे, तो म्हणतो सोमवारच्या रात्रीच्या मॅचचे खेळाडू राखून ठेव, शेवटच्या घडीला बदलता येतात. बाबा म्हणतात हा जुगारच आहे, सरकारनं बंद केला तरी तू खेळतोस. टीव्ही पाहून टीम लावणं सोडू का? सोडलं तर पोट्टे यायचे बंद होतील असं वाटते.

— सातवा भाऊ

*

सातव्या भावा,

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू 'गंमत म्हणजे' म्हणून उडवून लावलीस. ज्या आठवड्यात तू रात्रभर पाण्याचे बारे बदलतोस आणि टीमकडे पाहतही नाहीस, त्या आठवड्यात गुण बरे येतात. याचा अर्थ तुझे मुळातले पंधरा खेळाडू, अकरा मैदानातले आणि चार बाकावरचे, ठीक आहेत. बिघडते ती तुझी टीव्हीची फेरी.

आधी हिशेबाला बसू. आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो. बदलला नाही तर ती संधी पुढे साठते, पाचपर्यंत. फुकटच्या संधी संपल्यावर जो बदल करशील त्याचे प्रत्येकी 4 गुण कापले जातात. आता तू म्हणतोस की टीव्हीवरच्या मॅचमधले खेळाडू नसले तर विकत घेतो. या रविवारी आर्सेनल दिसणार, पुढच्या रविवारी चेल्सी, त्याच्या पुढे आणखी कोणी. त्यांच्या मागे धावायचं तर दर आठवड्याला दोन-तीन बदल लागणारच. तिसरा बदल केलास की 8 गुण गेले, मॅच सुरू व्हायच्या आधीच. फॉरवर्डच्या एका गोलला या खेळात 4 गुण मिळतात. म्हणजे तुझ्या नव्या फॉरवर्डने दोन गोल ठोकले, छपरीत आरडाओरडा झाला, तरी त्या गोलांतून तुझ्या पदरात काही पडलेलं नसतं, फक्त खड्डा भरून निघालेला असतो. अॅपमध्ये तुझ्या टीमचा आठवडावार इतिहास दिसतो, त्यात बदलांपोटी कापलेले गुण वेगळे लिहिलेले असतात. तेवढी एक ओळ बेरीज करून पाहा. सातवा आणि चौथा यांच्यातलं अंतर तिथेच सापडलं तर मला नवल वाटणार नाही.

हे झालं बदलांचं. पण समजा बदल फुकटात होत असते, तरी तुझी पद्धत तोट्याचीच ठरली असती, आणि तिचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टीव्हीवाल्याला चुरशीची मॅच हवी असते. तुला एकतर्फी मॅच हवी असते. दोघांच्या गरजा बरोबर उलट्या आहेत.

रविवारी रात्री चॅनल कोणती मॅच दाखवणार? लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल, मँचेस्टर सिटी विरुद्ध चेल्सी, असलीच. दोन्हीकडे तगडा बचाव, दोन्हीकडे तगडे आक्रमक. पाहायला झकास. पण तुझ्या टीममधला डिफेंडर तिथे काय कमावणार? साठ मिनिटं खेळला की 2 गुण. संघाने गोल खाल्ला नाही तर आणखी 4. दोन गोल खाल्ले तर उलट 1 वजा. मोठ्या मॅचमध्ये 2-2 अशी बरोबरी झाली, लोक म्हणतात काय मॅच झाली राव, आणि तुझ्या डिफेंडरच्या नावापुढे 1 लिहिलेला असतो. त्याच वेळी एखादा मध्यम संघ आपल्या घरच्या मैदानावर खालच्या लीगमधून नुकत्याच वर चढून आलेल्या संघाला 1-0 ने हरवतो, ती मॅच तुझ्या चॅनलवर कोणी लावत नाही, आणि त्या संघाचा कोणीही डिफेंडर 6 गुण घेऊन घरी जातो.

वर चढून आलेले संघ म्हणजे काय ते मागच्या काही हंगामांवरून बघ. 2023-24 मध्ये बर्नली, लूटन आणि शेफिल्ड युनायटेड वर आले आणि तिघेही त्याच हंगामात खाली गेले. शेफिल्डने 38 मॅचमध्ये 104 गोल खाल्ले. 2024-25 मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन आले, तेही तिघं खाली. लीगच्या तक्त्यात साउदॅम्प्टनचे अख्ख्या हंगामाचे 12 गुण. अशा संघाशी ज्याची मॅच आहे तो तुझा माणूस, मग ती मॅच दिसो न दिसो.

कधी कधी टीव्हीवरच्या मोठ्या वेळेलाही असली एकतर्फी मॅच येते, हे मान्य. 24 सप्टेंबर 2023 ला, रविवारीच, न्यूकॅसलने याच शेफिल्डला 8-0 ने धुतलं. आठ गोल आठ वेगवेगळ्या खेळाडूंनी केले. म्हणजे तिथेही न्यूकॅसलचा नेमका कोणता आक्रमक लावायचा हे आधी कोणाला सांगता आलं नसतं, पण त्यांचा गोलकीपर किंवा डिफेंडर ज्याच्याकडे होता त्याचं मात्र साधलं. मॅच निवडताना टीव्ही नाही, समोरचा संघ बघायचा, तो असा.

इंग्लंडातली एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे आपल्या शनिवारच्या संध्याकाळचा घोळ कळतो. तिकडे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात कोणतीही फुटबॉल मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. 1960च्या दशकापासूनची ही रीत आहे. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या लहान क्लबांच्या मैदानावर जावं, यासाठी. त्यामुळे तिथले टीव्हीवाले झगमगाटाच्या मॅच या वेळेतून उचलून शुक्रवार, रविवार, सोमवारकडे नेतात, आणि शनिवारी दुपारी तीनला उरतात त्या बिनकौतुकाच्या मॅच. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात. चार-पाच मॅच एकाच वेळी सुरू, आणि तुझ्या एका चॅनलवर त्यातली जेमतेम एक. तुझी पद्धत या अख्ख्या गठ्ठ्याला दर आठवड्याला बाद करते, आणि फँटसीतला माल बराचसा त्याच गठ्ठ्यात असतो.

2024-25 चा हंगाम आठव. ब्रेंटफर्डच्या ब्रायन एम्ब्यूमोने 20 गोल केले. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ख्रिस वुडनेही 20. हे दोघं हंगामाच्या सुरुवातीला स्वस्तात मिळत होते. त्याच्या कितीतरी आधी, 2015-16 मध्ये, लेस्टरचे वार्डी आणि माहरेझ. ज्यांनी हे वेळेवर घेतले त्यांनी टीव्हीच्या वेळापत्रकावरून घेतले नव्हते. चॅनलवर कोणती मॅच आहे ते पाहून खेळाडू घेणं म्हणजे भिंतीवरची जाहिरात पाहून कपाशीच्या बियाण्याची थैली उचलणं. जाहिरातीतलं बोंड मोठंच असतं, तुझी जमीन कोणती हे त्या भिंतीला काय ठाऊक.

मोठ्या क्लबचे खेळाडू घ्यायचेच नाहीत, असं मी अजिबात म्हणत नाही. मोहम्मद सलाहने 2024-25 मध्ये या खेळात 344 गुण मिळवले, एका हंगामातला तो विक्रम आहे. हालंडने 2022-23 मध्ये लीगमध्ये 36 गोल केले. असे दोन-तीन महागडे गडी लागतातच. पण ते दर आठवड्याला ठेवायचे, टीव्हीवर असोत की नसोत. आणि एक लक्षात घे, तुमच्या आठांपैकी सहा-सात जणांकडे हेच दोघं-तिघं असणार. त्यांनी गोल केला की सगळ्यांचेच गुण वाढतात, तू सातवाच राहतोस. खालून वर यायचं तर बाकीच्यांकडे नसलेले चार-पाच जण हवेत, आणि ते त्या न दिसणाऱ्या मॅचमध्येच सापडतील.

कॅप्टनबद्दल मी कडक बोलणार आहे. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. सगळ्या आठवड्यातला हा एकच निर्णय इतका मोठा असतो, आणि तू तो चॅनलवाल्याच्या हाती दिलास. रविवारच्या मोठ्या मॅचमध्ये आणखी एक गोम असते. जे क्लब गुरुवारी युरोपातल्या स्पर्धेत खेळतात त्यांची लीगमधली मॅच रविवारी ठेवतात. तीन दिवसांपूर्वी परदेशात खेळून आलेल्या खेळाडूला कोच बसवून ठेवू शकतो, किंवा तासाभराने काढून घेऊ शकतो. तुझा कॅप्टन बाकावर बसून पाणी पिताना टीव्हीवर छान दिसतो. आणि त्याला शेवटची दहा मिनिटं जरी खेळवलं तरी उपकर्णधाराचे गुण दुप्पट होत नाहीत, कॅप्टन एक मिनिटही खेळला नाही तरच होतात. म्हणून कॅप्टन निवडताना चॅनल बंदच ठेव. घरचं मैदान, कमजोर प्रतिस्पर्धी, पेनल्टी मारणारा गडी, एवढं पाहा.

मामेभावाचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या खेळाचं आहे. त्याच्या ऑफिसात एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, फँटसी चालत असणार. तिथे प्रत्येक खेळाडू त्याची स्वतःची मॅच सुरू होईपर्यंत बदलता येतो. म्हणून तिकडचे जाणकार गुरुवारच्या मॅचचा खेळाडू त्याच्या ठरलेल्या जागी लावतात आणि रविवार-सोमवारच्या रात्रीचा खेळाडू 'फ्लेक्स' नावाच्या मोकळ्या जागेत, म्हणजे शेवटच्या घडीला कोणी जखमी झाला तर दुसरा बसवायला वाव राहतो. तिकडे मॅच कधी आहे याला खरंच किंमत आहे. आपल्या खेळात सगळ्या टीमला एकदाच कुलूप लागतं, आठवड्याच्या पहिल्या मॅचच्या दीड तास आधी. त्यानंतर सोमवारचा खेळाडू असो की शनिवारचा, हात लावता येत नाही. तुझ्या अकरातला कोणी खेळलाच नाही तर आठवडा संपल्यावर बाकावरचा माणूस आपोआप आत येतो, तोही तू लावलेल्या क्रमाने. त्यामुळे राखून ठेवायचंच असेल तर बाकावर नियमित खेळणारा एक स्वस्त गडी राख आणि त्याला पहिल्या क्रमांकावर लाव.

मग टीव्हीचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो तू करत नाहीयेस. तू बॉल पाहतोस. बॉल सोडून तुझ्या माणसाकडे पाहा. कॉर्नर कोण मारतो? फ्री किकवर कोण उभा राहतो? ज्याला खेळात डिफेंडर म्हणून लिहिलंय तो प्रत्यक्षात विंगवर पळतोय का? तसा असेल तर सोन्याची खाण आहे, कारण डिफेंडरच्या गोलला 6 गुण असतात आणि फॉरवर्डच्या गोलला 4. सगळ्यात महत्त्वाचं, कोच कोणाला कितव्या मिनिटाला काढतो. रेषेपाशी चौथा पंच तो आकड्यांचा फलक वर करतो तेव्हा कोपऱ्यातलं घड्याळ बघ. 59व्या मिनिटाला बाहेर गेलेल्या डिफेंडरला खेळण्याचा 1 गुण, आणि गोल न खाल्ल्याचे शून्य. तोच 61व्या मिनिटाला, संघाने तोवर गोल खाल्लेला नसताना गेला तर 2 आणि 4, आणि तो गेल्यावर संघाने तीन गोल खाल्ले तरी त्याचे 4 कोणी काढत नाही. एखाद्याला सलग दोन-तीन मॅच तासाच्या आतच बोलावून घेतलेलं दिसलं की त्याला पुढच्या फुकट बदलात काढ. हे गोलांच्या बातमीत येत नाही, छपरीत बसून मात्र दिसतं.

आता खरा प्रश्न. तुला पार्टीची भीती नाही, पोट्टे यायचे बंद होतील ही भीती आहे. रोडग्याची पार्टी दिली म्हणून कोणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नाही. गोवऱ्या रचणं, वांगी आणणं यात दिवस मजेत जातो. पण रविवारी छपरी रिकामी राहिली तर ते लागणार, हे मला कळतं.

त्यासाठी फँटसी बिघडवायची गरज नाही. रविवारच्या मॅचचा वेगळा खेळ करा, कागदावर. मॅच सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या. पहिला गोल कोण करणार, मध्यंतराला किती-किती असणार, सगळ्यात आधी बाहेर कोण बोलावला जाणार. चिठ्ठ्या डब्यात. ज्याचं सगळं चुकेल त्याने चहा मांडायचा आणि कपबशा विसळायच्या. आता आठही जणांचं त्या मॅचमध्ये काहीतरी अडकलेलं आहे, कोणाच्या टीममध्ये कोण असो. शिवाय तिसऱ्या प्रश्नामुळे सगळे कोचच्या हालचालींकडे डोळे लावून बसतील, त्याचा फँटसीतही फायदा. फक्त दुसऱ्या नावाने दुसरी टीम काढून 'एक टीव्हीची, एक गुणांची' असला उद्योग करू नकोस. एका माणसाची एकच टीम, असा नियम आहे.

आणि हौसेला अगदीच नाही म्हणू नये, म्हणून एक सवलत देते. दोन खेळाडू सारख्या किमतीचे आहेत, दोघांचे पुढचे प्रतिस्पर्धी सारखेच सोपे आहेत, काही केल्या ठरत नाही, तर ज्याची मॅच दिसणार आहे तो घे. तिथे चॅनलला मत द्यायला हरकत नाही. कॅप्टन सोडून.

बाबांना सांग की ऑगस्ट 2025 मध्ये आलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरचा आहे. तुमच्या खेळात प्रवेश फी नाही, पैशाचं बक्षीस तुम्ही ठेवलेलं नाही. त्यांचा संशय मात्र मनावर घे. उद्या कोणी म्हणालं की रोडग्याऐवजी शंभर-शंभर रुपये काढू, तर तिथे बाबांच्या बाजूने उभा राहा.

रात्रीच्या लाईनच्या आठवड्यांबद्दल एवढंच की त्या आठवड्यात टीमला अगदीच हात न लावणंही बरं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी जखमी आणि निलंबित खेळाडू पाहून घे, अॅपमध्ये त्यांच्या नावापुढे लाल-पिवळी खूण असते. बाकावरचा क्रम नीट लाव आणि जा ओलिताला. वावरात रेंज नसली तरी काही बिघडत नाही. पण कुलूप लागायची वेळ लक्षात ठेव. शनिवारी दुपारी साडेबाराची पहिली मॅच असेल तर आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेतीनला आणि हिवाळी वेळेत साडेचारला कुलूप लागतं. शुक्रवारी रात्री आठची मॅच असेल तर उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री अकराला, हिवाळ्यात बरोबर बाराला. तिकडची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे. ऑक्टोबरचा बदल फायद्याचा आहे, कापूस वेचायच्या घाईत तासभर जास्त मिळतो. मार्चचा मात्र उलटा आहे. साडेचारच्या सवयीने चार वाजता मोबाइल उघडशील तर अर्धा तास आधीच कुलूप लागलेलं असेल, तेव्हा मोबाइलमध्ये गजर आत्ताच लावून ठेव.

— ताई